आर्थर शुलर

आर्थर शुलर (२८ डिसेंबर, इ.स. १८७४:ब्र्नो, ऑस्ट्रिया-हंगेरी - ३१ ऑक्टोबर, इ.स. १९५७:मेलबर्न, ऑस्ट्रेलिया) हे ऑस्ट्रियन मज्जाविकारतज्ज्ञ व क्ष-किरणतज्ज्ञ होते. कवटीच्या क्ष-किरण चित्रणाचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. कानामागील मॅस्टॉइड हाडाचे चित्र घेण्याची त्यांची पद्धत ‘शुलर्स व्ह्यू’ या नावाने भारतातील वैद्यकीय विद्यार्थ्यांनाही परिचित आहे.

शिक्षण व कार्य

ज्यू कुटुंबात जन्मलेल्या शुलर यांनी इ.स. १८९९ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळवली. क्ष-किरणांच्या शोधाची बातमी जानेवारी १८९६ मध्ये व्हिएन्नातीलच एका दैनिकाने प्रथम प्रसिद्ध केली, तेव्हा ते तेथे विद्यार्थी होते. पुढे गुइडो होल्झक्नेख्ट यांच्या समवेत काम करताना त्यांनी कवटीकडे लक्ष वळवले. इ.स. १९०५ मध्ये कवटीच्या तळाविषयीचा आणि इ.स. १९१२ मध्ये डोक्याच्या विकारांच्या क्ष-किरण निदानाविषयीचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात कान फुटणे हे दुखणे साधे नव्हते. पू मॅस्टॉइडमधील हवेच्या पोकळ्यांत शिरून पुढे मेंदूपर्यंत पोहोचला, तर रोगी क्वचितच वाचे. शस्त्रक्रिया हाच उपाय होता. परंतु मेंदूचे आवरण किती खाली आले आहे व मोठी रक्तवाहिनी किती पुढे सरकली आहे, हे हाड कोरण्यापूर्वी कळणे आवश्यक होते. डोके बाजूने ठेवून सरळ चित्र घेतल्यास दोन्ही कानांच्या हाडांच्या छाया एकमेकींवर पडतात. शुलर यांच्या पद्धतीत दुखरा कान फिल्मकडे ठेवून किरण विरुद्ध बाजूने, वरून सुमारे २५ ते ३० अंशांच्या कलाने सोडले जातात. त्यामुळे दुसऱ्या कानाची छाया खाली सरकते आणि हव्या त्या बाजूच्या पोकळ्या स्पष्ट दिसतात. पोकळ्या भरलेल्या, झिजलेल्या की मुळातच कमी आहेत, हे त्यावरून ताडता येते. कल्पना साधी, पण तिचा लाभ असंख्य रुग्णांना झाला.

इ.स. १९१५ मध्ये त्यांनी कवटीला नकाशासारखी भोके पाडणाऱ्या विकाराचे वर्णन केले. हँड-शुलर-ख्रिश्चन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकारात कानाचे हाडही सापडू शकते, व तो वाहत्या कानाच्या रूपाने प्रकट होऊ शकतो.

निर्वासन व मृत्यू

इ.स. १९३८ मध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर साठी ओलांडलेल्या शुलर यांना देश सोडावा लागला. इंग्लंडमार्गे ते पत्नीसह मेलबर्नला गेले आणि तेथील सेंट व्हिन्सेंट रुग्णालयात काम करू लागले. युरोपात राहिलेले त्यांचे दोन्ही पुत्र नाझी छळछावण्यांत मृत्यू पावले. मेलबर्नमध्येच इ.स. १९५७ मध्ये त्यांचे निधन झाले.

इ.स. १९७० च्या दशकात सीटी स्कॅन आले. आज कानाच्या हाडाची तपासणी मुख्यतः त्यानेच होते; साधे मॅस्टॉइडचे चित्र काढण्याची वेळ आली, तर मात्र शुलर यांचाच कोन वापरला जातो.