विश्लेषण : टीव्हीवर खरोखर किती रेषा येतात? जॉन लोगी बेअर्ड आणि रिझोल्युशनची पहिली लढाई

घरात नवा मोठा टीव्ही येतो. खोक्यावर आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या स्टिकरवर ‘४के’ असे ठळक छापलेले असते. तरीही क्रिकेटचा सामना लावला की चेंडू पुसट दिसतो, धावफलकावरचे आकडे पसरट वाटतात. दोष टीव्हीचा की त्याच्यापर्यंत येणाऱ्या चित्राचा? हा प्रश्न टीव्हीइतकाच जुना आहे. टीव्हीचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक करणारे स्कॉटिश संशोधक जॉन लोगी बेअर्ड (१८८८-१९४६) यांची निम्मी हयात चित्रातील रेषा वाढवण्यात गेली आणि त्यांच्या पद्धतीचा पाडावही रेषांच्याच हिशेबात झाला. त्यांची गोष्ट समजली की आपल्या टीव्हीवर नेमके काय तपासायचे, हेही उमगते.

बेअर्ड कोण होते?

स्कॉटलंडमधील हेलेन्सबर्ग या समुद्रकाठच्या गावात १३ ऑगस्ट १८८८ रोजी बेअर्ड यांचा जन्म झाला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. चार भावंडांत जॉन धाकटे आणि प्रकृतीने नाजूक. शाळकरी वयातच त्यांनी मित्रांच्या घरांना जोडणारे छोटे टेलिफोन एक्स्चेंज उभारले आणि स्वतःच्या घरात विजेचे दिवे लावले. पुढे ग्लासगोत त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. पहिले महायुद्ध सुरू झाल्याने विद्यापीठातील पदवी अर्धवट राहिली. सैन्यात जाण्याची तयारी होती, पण प्रकृतीमुळे त्यांना नाकारण्यात आले.

त्यानंतर त्यांनी वीज कंपनीत नोकरी केली. तिथल्या विजेच्या जोरावर कार्बनपासून हिरे बनवण्याचा प्रयोग केला आणि त्या भागातील वीजपुरवठाच खंडित झाला. पाय सतत गार पडतात म्हणून थंडीत वापरायचे खास मोजे विकले, त्यात मात्र पैसे मिळाले. त्रिनिदादला जाऊन मुरंबा तयार करण्याचा कारखाना काढला, तर किड्यांनी हैराण केले. परत येऊन साबणाचा धंदा केला. प्रत्येक वेळी तब्येतीने दगा दिला. अखेर १९२३ मध्ये, पस्तिशीला टेकलेले बेअर्ड हवापालटासाठी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्जला आले. हाती काम नव्हते आणि पैसाही बेताचाच होता. तिथेच त्यांनी दूरवर चित्र पाठवण्याचा ध्यास घेतला.

पहिले चित्र किती रेषांचे होते?

बेअर्ड यांच्या यंत्राचा गाभा होता भोके पाडलेली गोल चकती. ही कल्पना जर्मनीतील पॉल निपकोव यांची. त्यांनी १८८४ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. चकतीवर गोगलगाईच्या शंखासारख्या वळणात भोके असतात. चकती फिरली की प्रत्येक भोक समोरच्या दृश्यावरून एक रेषा ओढत जाते. त्या रेषेवरचा उजेड-अंधार प्रकाशाला प्रतिसाद देणारा सेल टिपतो आणि त्याचे विजेच्या चढ-उतारात रूपांतर होते. पलीकडे तशीच चकती त्याच वेगाने फिरत असेल, तर रेषेला रेष जोडून चित्र उभे राहते. म्हणजे जितकी भोके तितक्या रेषा. त्या काळी टीव्हीचे रिझोल्युशन तपासायचे असते, तर चकतीवरची भोके मोजली तरी पुरले असते.

साहित्य मिळेल ते वापरलेले होते : चहाचे लाकडी खोके, टोपी ठेवण्याचा डबा, रफूच्या सुया, सायकलच्या दिव्याची भिंगे, लाख आणि सरस. १९२४ मध्ये प्रयोग करताना हजार व्होल्टहून अधिक दाबाचा झटका बसला. हात भाजण्यावर निभावले, पण घाबरलेल्या जागामालकाने खोली सोडायला सांगितली. बेअर्ड लंडनला गेले आणि सोहो भागातल्या फ्रिथ स्ट्रीटवर माडीवरची खोली घेतली.

२ ऑक्टोबर १९२५ रोजी या खोलीत स्टूकी बिल नावाच्या बोलक्या बाहुल्याचा चेहरा पलीकडच्या यंत्रावर प्रथमच छटांसह दिसला. बाहुला घेतला, कारण त्या प्रखर दिव्यांसमोर माणूस टिकत नसे. आनंदाच्या भरात बेअर्ड खाली धावले आणि तिथल्या कार्यालयात काम करणाऱ्या विल्यम टेंटन या तरुणाला घेऊन आले. पहिल्यांदा यंत्रावर काहीच दिसेना. उष्णता सहन न होऊन टेंटन मागे सरकला होता. त्याला पैसे देऊन पुन्हा बसवले, तेव्हा चेहरा उमटला. टीव्हीवर दिसलेला तो पहिला माणूस ठरला.

२६ जानेवारी १९२६ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनचे सदस्य आणि ‘द टाइम्स’चा प्रतिनिधी हे प्रयोग पाहायला आले. हाताच्या तळव्यात मावेल एवढे ते चित्र अंधूक होते, पण चेहऱ्याची हालचाल कळत होती. त्यात रेषा होत्या फक्त ३०.

३०च रेषा का?

बेअर्ड यांना अधिक रेषा नको होत्या असे नाही. अडचण वाटेची होती. चित्र पाठवायचे ते रेडिओच्या मध्यम लहरींवरून. ती वाट आवाजासाठी आखलेली, त्यामुळे अरुंद. एका सेकंदात तिच्यातून जाईल तेवढाच तपशील पाठवता येत असे. ३० रेषा आणि सेकंदाला साडेबारा चित्रे एवढेच त्यात कसेबसे मावत होते. संपूर्ण चित्रात मिळून साधारण २,१०० बिंदू भरत. आजच्या ४के पडद्यावर जवळपास ८३ लाख बिंदू असतात.

एवढ्याशा भांडवलावर बेअर्ड यांनी मोठी मजल मारली. १९२७ मध्ये टेलिफोनच्या तारेवरून लंडनहून ग्लासगोला, तर १९२८ मध्ये अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कजवळच्या हार्ट्सडेलला चित्र पाठवले. त्याच वर्षी रंगीत चित्रही दाखवले. सप्टेंबर १९२९ मध्ये बीबीसीच्या प्रक्षेपकावरून प्रायोगिक प्रसारण सुरू झाले. सुरुवातीला प्रक्षेपक एकच मिळाल्याने आधी नुसते चित्र आणि मग नुसता आवाज अशी आलटूनपालटून सोय होती. १९३० मध्ये दोन्ही एकत्र आले. १९३१ मध्ये डर्बीच्या घोड्यांच्या शर्यतीचे प्रक्षेपण झाले. घोडे धावताना कळत, कोणता घोडा कोणाचा हे मात्र ओळखू येत नसे.

याच काळात बेअर्ड यांनी चित्राचे संकेत ग्रामोफोनच्या तबकडीवर साठवून पाहिले. १९८० च्या दशकात संगणकाच्या मदतीने त्या तबकड्यांवरील चित्रे स्वच्छ करण्यात आली. खरखर गेली, थरथर थांबली, पण रेषा ३०च राहिल्या. जे मुळात टिपलेलेच नाही, ते नंतरच्या सफाईने परत मिळत नाही.

१९३६ मध्ये काय घडले?

तोवर प्रतिस्पर्धी पुढे सरकले होते. मार्कोनी-ईएमआय कंपनीत आयझॅक शोएनबर्ग यांच्या नेतृत्वाखालील चमूने फिरती चकती बाद करून पूर्ण इलेक्ट्रॉनिक कॅमेरा तयार केला. सरकारी समितीने १९३५ मध्ये किमान २४० रेषांची अट घातली. बेअर्ड यांच्या कंपनीने नेमक्या २४० रेषा दिल्या. शोएनबर्ग यांनी धाडस करून थेट ४०५ रेषांचा आकडा जाहीर केला. मध्यम लहरींची अरुंद वाट सोडून दोघांनाही आता अतिलघु लहरींचा रुंद रस्ता मिळाला होता.

२ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीची नियमित टीव्ही सेवा सुरू झाली. नाणेफेकीत पहिला मान बेअर्ड यांच्या पद्धतीला मिळाला. त्यानंतर एक आठवडा २४० रेषा, एक आठवडा ४०५ रेषा अशी पाळी ठरली. दोन्ही पद्धतींवर चालणारे संच विकले गेले. त्यांना कळ असे. आठवडा बदलला की प्रेक्षकाने ती फिरवायची. संच तोच, पडदा तोच, पण येणारे चित्र वेगळे. कोणते सरस हे लोकांना घरबसल्या दिसू लागले.

बेअर्ड यांची पद्धत का हरली?

निव्वळ आकडा हे एकच कारण नव्हते. बेअर्ड यांच्या स्टुडिओत दृश्य आधी फिल्मवर टिपायचे, ती तिथल्या तिथे रसायनांत धुवायची आणि ओली असतानाच तिच्यावरून रेषा काढायच्या, अशी तऱ्हा होती. त्यात जवळपास मिनिटभराचा उशीर होई. पाण्याच्या आणि रसायनांच्या टाक्यांना जखडलेला कॅमेरा जागचा हलत नसे. उलट ईएमआयचा कॅमेरा कुठेही नेता येत होता.

दुसरा फरक रेषा दाखवण्याच्या रीतीत होता. बेअर्ड यांच्या २४० रेषा एका दमात, सेकंदाला २५ वेळा येत. त्यामुळे चित्र लुकलुकत असे. ईएमआयने ४०५ रेषा दोन हप्त्यांत पाठवल्या : आधी एकाआड एक, मग मधल्या राहिलेल्या. सेकंदाला असे ५० हप्ते आल्याने डोळ्यांना लुकलुक कमी जाणवे. आज १०८०आय आणि १०८०पी यांत जो फरक असतो, तो हाच. ‘आय’ म्हणजे रेषा दोन हप्त्यांत, ‘पी’ म्हणजे एकाच दमात. शिवाय ४०५ हा आकडाही पूर्ण चित्राचा नव्हता. प्रत्यक्ष चित्र त्यातील ३७७ रेषांत असे, उरलेल्या रेषा संचाची लय जुळवण्यात जात.

३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री लंडनचा क्रिस्टल पॅलेस जळाला. बेअर्ड कंपनीची तिथली प्रयोगशाळाही आगीत गेली. फेब्रुवारी १९३७ पासून बीबीसीने केवळ ४०५ रेषांची पद्धत ठेवली.

पराभवानंतर बेअर्ड यांनी काय केले?

कंपनीची सूत्रे त्यांच्या हातून आधीच निसटली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला टीव्ही प्रसारण बंद पडले आणि कंपनीही बुडाली. बेअर्ड यांनी मात्र लंडनच्या सिडनहॅम भागातील घरात स्वतःच्या पैशांवर काम चालू ठेवले. बॉम्बहल्ल्यांच्या काळात, १९४१ मध्ये, त्यांनी ६०० रेषांचे रंगीत चित्र दाखवले. १९४४ मध्ये फिरत्या चकतीशिवाय रंगीत चित्र देणारी टेलिक्रोम ही नळी सादर केली. युद्धानंतरच्या टीव्हीचा विचार करणाऱ्या सरकारी समितीपुढे त्यांनी हजार रेषांचा आग्रह धरला. तूर्त मात्र ४०५ रेषांवरच सेवा पुन्हा सुरू करायचे ठरले.

७ जून १९४६ रोजी बीबीसीचे टीव्ही प्रसारण परत सुरू झाले. त्यानंतर आठवड्याभराने, १४ जूनला, बेअर्ड यांचे वयाच्या ५७ व्या वर्षी निधन झाले. पत्नी मार्गारेट पियानोवादक होत्या. मागे दोन मुले होती. हेलेन्सबर्गला आईवडिलांच्या शेजारी त्यांचे दफन झाले. ४०५ रेषांचे प्रसारण ब्रिटनमध्ये १९८५ च्या जानेवारीपर्यंत सुरू होते. हजार रेषांची त्यांची मागणी घरोघरी पोहोचली ती एचडीच्या १०८० रेषांच्या रूपाने.

भारतात रेषा किती?

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी टीव्ही सुरू झाला, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी. फ्रिथ स्ट्रीटवर स्टूकी बिलचा चेहरा उमटल्याला त्या दिवशी बरोबर ४७ वर्षे झाली होती. आपली पद्धत ६२५ रेषांची, त्यातील चित्राच्या रेषा ५७६. आजच्या साध्या, म्हणजे एसडी वाहिन्या ५७६ रेषांच्या, तर एचडी वाहिन्या १०८० रेषांच्या. ४के पडद्यावर २१६० रेषा असतात. एसडी वाहिनी लावली की मधल्या रेषा टीव्ही अंदाजाने भरतो. चित्र पडदाभर पसरते, तपशील वाढत नाही.

तुमच्या टीव्हीवर काय येते, हे कसे तपासायचे?

- रिमोटवरील ‘इन्फो’ किंवा ‘डिस्प्ले’चे बटण दाबा. बऱ्याच टीव्हींवर ५७६आय, १०८०आय किंवा २१६०पी असा येणाऱ्या चित्राचा आकडा दिसतो.

- सेट-टॉप बॉक्स असेल तर या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. एसडी वाहिनीचे चित्रही बॉक्स ताणून १०८० करून पाठवू शकतो. बॉक्सची सेटिंग तपासा आणि तुमच्या पॅकमध्ये त्या वाहिनीची एचडी आवृत्ती आहे का, ते पाहा.

- वायर पाहा. पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या पिनांच्या वायरीतून एचडी चित्र येतच नाही. त्यासाठी एचडीएमआय केबल लागते.

- यूट्यूबवर व्हिडीओच्या सेटिंगमध्ये ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ सुरू करा. त्या क्षणी येणारे रिझोल्युशन दिसते. इंटरनेटचा वेग घटला की हा आकडाही आपोआप उतरतो. वाट अरुंद झाली की रेषा कमी होतात, हा बेअर्ड यांच्या काळचाच नियम.

- शेवटची तपासणी १९३६ च्या लंडनकरांची. एकच सामना आधी एसडी वाहिनीवर आणि लगेच एचडी वाहिनीवर लावा. धावफलकावरचे बारीक आकडे आणि मैदानातले गवत पाहा. फरक दिसला तर टीव्ही ठीक आहे, फक्त वाहिनी बदलायची. काहीच फरक दिसला नाही, तर नवा टीव्ही घेण्याआधी वायर आणि बॉक्स तपासा.