रॉबर्ट नॉइस

मुलांनो, मोबाइल किंवा कॅलक्युलेटर चालतो तो आतल्या नखाएवढ्या चिपमुळे. ही चिप घडविणाऱ्यांत रॉबर्ट नॉइस यांचे नाव मोठे आहे.

नॉइस यांचा जन्म १९२७ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात झाला. शिक्षण संपवून १९५६ साली ते कॅलिफोर्नियात विल्यम शॉक्ली यांच्याकडे नोकरीस लागले. त्याच वर्षी शॉक्ली यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण ते आपल्याच माणसांवर संशय घेत. तेव्हा १९५७ साली नॉइस आणि सात सहकारी नोकरी सोडून बाहेर पडले. त्यांनी फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर ही कंपनी उभारली.

त्या काळी ट्रान्झिस्टर एकेक करून तारांनी जोडावे लागत. सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर सर्व भाग आणि त्यांना जोडणाऱ्या धातूच्या रेषा बनविण्याची युक्ती नॉइस यांनी १९५९ साली शोधली. जॅक किल्बी यांनी १९५८ साली स्वतंत्रपणे अशीच चिप बनविली होती.

१९६८ साली नॉइस यांनी गॉर्डन मूर यांच्यासह इंटेल कंपनी काढली. प्रमुख असूनही ते बंद खोलीत न बसता सर्वांमध्ये बसून काम करीत. १९९० साली ते वारले.

शॉक्ली यांच्याजवळ बुद्धी होती, पण माणसांवर विश्वास नव्हता. नॉइस यांच्याजवळ दोन्ही होते. उद्या तुम्ही प्रमुख झालात, तर कोणाचा मार्ग धराल?