डॉ. पांडुरंग खानखोजे

तेरणेच्या काठी काळ्या रानात जी ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते, तीच बालाघाटाच्या मुरमाड माळावर पेरली, तर खुरटून जाते. ढोकीकडच्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. बी एकच असते. पण जमीन, उंची, पाऊस आणि थंडी पालटली की त्याचे दैवही पालटते. मग सर्वत्र आणि सर्व वर्षी तग धरील, असे बी शोधावे कसे? हा प्रश्न घेऊन एक मराठी माणूस मायभूमीपासून हजारो कोसांवर, मेक्सिकोच्या पठारावर, अनेक वर्षे राबला.

पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८४ रोजी वर्धा येथे झाला. ते बारा वर्षांचे होते न होते, तोच १८९६ चा दुष्काळ आला. त्यामागोमाग १८९९ मध्ये दुसरा. तरुणपणी ते जपानमार्गे अमेरिकेस गेले आणि तेथे त्यांनी कृषिशास्त्राचे शिक्षण घेतले. परंतु केवळ विद्यार्जनात त्यांचे मन रमेना. गदर चळवळीच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत ते होते. पहिल्या महायुद्धात इराणमध्ये त्यांनी इंग्रजांशी प्रत्यक्ष लढा दिला. साहजिकच स्वदेशाची दारे त्यांना बंद झाली.

१९२४ मध्ये ते मेक्सिकोस पोहोचले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांना अध्यापकाचे काम मिळाले. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,२५० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही उंच आहे! तेथे मका हेच गोरगरिबांचे अन्न. एखाद्या वर्षी पाऊस दडी मारी; एखाद्या वर्षी कणसात दाणा भरण्यापूर्वीच दव गोठे आणि उभे पीक एका रात्रीत काळवंडे.

खानखोज्यांनी मका व गहू यांच्या निरनिराळ्या जातींचा संकर करून थंडीला आणि अवर्षणाला न डगमगणारे वाण तयार करण्याचा उद्योग आरंभिला. हे काम मोठे चिकाटीचे असते. एकाच जातीचे बी उंच-सखल अशा अनेक ठिकाणी, अनेक हंगाम पेरावे लागते आणि प्रत्येक ठिकाणचे उत्पन्न मोजून ठेवावे लागते. सुपीक शेतात एकदाच कोठार भरणाऱ्या वाणापेक्षा, वाईट वर्षीही चार पायली धान्य हमखास देणारा वाण डोंगरावरच्या शेतकऱ्याला अधिक मोलाचा वाटतो. मक्याला जवळचे असलेले तेओसिंते नावाचे रानगवतही त्यांनी संकरासाठी वापरले.

प्रयोगशाळेतील ज्ञान बांधापर्यंत जावे म्हणून त्यांनी शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. प्रख्यात चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर रंगविलेल्या एका चित्रात, सर्वांना भाकरी वाटणारा जो पुरुष आहे, तो खानखोज्यांच्या चेहऱ्याचा आहे.

१९३६ मध्ये त्यांनी तेथेच संसार थाटला. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांना परतीची वाट मोकळी झाली आणि १९५५ मध्ये ते कायमचे नागपुरास आले. अर्ध्या आयुष्याचा विजनवास संपला, तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते.

१९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले. ते वाण नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेले होते. उंच पठारावर एक पीक आणि सखल प्रदेशात दुसरे, अशी त्यांची पारख झालेली होती. पुढे २२ जानेवारी १९६७ रोजी खानखोजे नागपूर येथे निवर्तले. चापिंगोच्या विद्यालयात २०२२ मध्ये त्यांचा पुतळा बसविण्यात आला.