घड्याळाशी लावलेली पैज

मैत्रिणींनो, चाळिशी ओलांडलेल्या बाईनं काही नवं मनावर घेतलं की पहिला प्रश्न घरातूनच येतो, आता या वयात हे कशाला? पोहणं असो, बॅडमिंटन असो, नाहीतर पहाटे उठून सायकल काढणं असो. तरी आपण हौसेनं सुरू करतो. महिना-दोन महिने बरे जातात. मग पावसाळा लागतो, पाहुणे येतात, मुलांच्या परीक्षा येतात आणि सायकल जिन्याखाली जाऊन बसते. सुरू करणं सोपं असतं, खरी कसोटी टिकवण्यात असते. म्हणून मला कुतूहल वाटतं ते वर्षानुवर्षं टिकवणाऱ्या बायकांचं. आज त्यातल्याच एकीची गोष्ट सांगते. तिचं नाव बेरिल बर्टन.

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायर नावाचा भाग आहे. तिथल्या लीड्स शहरात १२ मे १९३७ रोजी बेरिलचा जन्म झाला. घर साध्या कष्टकरी माणसांचं. मुलगी अभ्यासात चांगली होती, पण दहा-अकरा वर्षांची असताना सांधेतापानं तिला गाठलं. शरीराची एक बाजू लुळी पडली. नऊ महिने इस्पितळात आणि त्यानंतर पंधरा महिने दूरच्या आरोग्यधामात काढावे लागले. त्या वयात दोन वर्षं आईवडिलांपासून लांब! शाळा बुडाली, पुढच्या शिक्षणाची वाट बंद झाली. घरी परतताना डॉक्टरांनी बजावलं, की या मुलीनं फार दमणुकीचं काही करायचं नाही. आपल्याकडे असं झालं असतं तर आईनं तिला पाण्याची कळशीसुद्धा उचलू दिली नसती.

शाळा सुटली आणि बेरिल कपडे शिवण्याच्या कारखान्यात कामाला लागली. तिथंच तिला चार्ली बर्टन भेटला. त्याला सायकलचं वेड होतं. त्याच्यामुळे तीही सायकलवर बसली. सुरुवातीला ती मागं पडायची. हळूहळू बरोबरीनं येऊ लागली आणि मग चार्लीलाच मागं टाकू लागली. १९५५ मध्ये दोघांचं लग्न झालं, १९५६ मध्ये डेनीस ही मुलगी झाली. पुष्कळ बायकांची हौस नेमकी इथंच थांबते. बेरिलची शर्यत मात्र इथून सुरू झाली. मुलगी वर्ष-दीड वर्षाची असतानाच, १९५७ मध्ये, तिनं १०० मैलांच्या राष्ट्रीय शर्यतीत रौप्यपदक मिळवलं.

हे जमलं कसं? चार्लीमुळे, असं म्हणायला हवं. बायको आपल्यापेक्षा जोरात सायकल चालवते हे त्यानं वेळीच ओळखलं आणि मोठ्या मनानं मान्य केलं. स्वतःची शर्यतीची हौस बाजूला ठेवून तो तिच्या सायकली बघू लागला, पोर सांभाळू लागला, शर्यतीच्या दिवशी रस्त्याच्या कडेला पाणी आणि खाणं घेऊन उभा राहू लागला. त्या काळात अशा नवऱ्याला शेजारीपाजारी काय म्हणत असतील, याची कल्पना आपण सहज करू शकतो. त्यानं ते मनावर घेतलं नसावं.

बेरिल आयुष्यभर हौशी खेळाडू राहिली. म्हणजे शर्यतीतून पोट भरायचं नाही. मग पोट कशावर? ती रूबार्बच्या शेतावर मजुरी करायची. रूबार्ब म्हणजे जाड, लालसर, आंबट देठांचं पीक, साखर घालून शिजवून खातात. यॉर्कशायरचा तो भाग त्यासाठीच प्रसिद्ध. थंडीत याचे जड गड्डे शेतातून खणून काढायचे आणि अंधाऱ्या शेडमध्ये लावायचे, असं ते कंबर मोडणारं काम. शेताचा मालक निम कार्लाइन हा तिच्याच मॉर्ली सायकल क्लबमधला, स्वतः लांब पल्ल्याचा नामांकित सायकलपटू. दिवसभर खणायचं, घरचं बघायचं आणि उरलेल्या वेळात सायकल चालवायची, असा तिचा दिनक्रम होता. १९६० च्या सुमारास रॅले या मोठ्या सायकल कंपनीनं तिला पगारी खेळाडू होण्यासाठी विचारलं. तिनं नाही म्हटलं. व्यावसायिक झाली असती तर त्या वेळच्या नियमांप्रमाणे क्लबच्या हौशी शर्यती तिला बंद झाल्या असत्या, आणि तिचा जीव तर त्यातच होता.

या शर्यतींचा प्रकार समजून घेतला की तिची गोष्ट नीट कळते. इंग्लंडमध्ये टाइम ट्रायल फार लोकप्रिय आहेत. सगळ्यांनी एकदम सुटायचं नाही. पहाटे, रस्ते मोकळे असताना, एकेक मिनिटाच्या अंतरानं एकेकाला सोडायचं. ठरलेलं अंतर सर्वांत कमी वेळात जो तोडेल तो जिंकला. शेजारी कुणी नाही, टाळ्या नाहीत, कुणाच्या मागं लपून वारा चुकवायचा नाही. आपण, आपली सायकल आणि घड्याळ. २५, ५० आणि १०० मैलांच्या शर्यतींतला सरासरी वेग काढून वर्षातली सर्वोत्तम महिला ठरवली जाते. तो किताब बेरिलनं १९५९ साली पहिल्यांदा मिळवला आणि १९८३ पर्यंत सोडला नाही. सलग २५ वर्षं! पहिल्या वेळी ती २२ वर्षांची होती, शेवटच्या वेळी ४६ वर्षांची.

त्याशिवाय सात जागतिक विजेतेपदं तिच्या नावावर आहेत. ट्रॅकवरच्या पाठलागाच्या शर्यतीत पाच वेळा आणि रस्त्यावरच्या शर्यतीत १९६० आणि १९६७ अशी दोनदा. समोर सोव्हिएत संघ आणि पूर्व जर्मनीच्या मुली असायच्या, ज्यांच्यामागे सरकार उभं होतं. हिच्यामागे चार्ली आणि रूबार्बचं शेत!

१९६७ ची एक शर्यत तर दंतकथेसारखी आहे. सप्टेंबर महिना. बारा तासांत जास्तीत जास्त अंतर कोण तोडतो, अशी ती शर्यत होती. पुरुष आधी सुटले, मागून बायका. दिवस कलायच्या सुमाराला बेरिलला पुढं माइक मॅकनामारा दिसला. तो त्या दिवशी पुरुषांमध्ये सर्वांत पुढं होता आणि नवा राष्ट्रीय विक्रम करायच्या बेतात होता. आता याला ओलांडायचं म्हणजे बिचाऱ्याला काय वाटेल, असं तिला वाटलं म्हणे. तिनं खिशातून ज्येष्ठमधाची रंगीत गोळी काढून त्याला दिली, त्यानं ती घेतली आणि ती पुढं निघून गेली. तिचं अंतर भरलं २७७.२५ मैल, म्हणजे ४४६ किलोमीटर. मॅकनामारानं पुरुषांचा विक्रम मोडला, पण बेरिल त्याच्याही पुढं होती. पुरुषांना तो आकडा ओलांडायला १९६९ साल उजाडलं. बायकांमधला तिचा विक्रम मोडायला तर २०१७ साल उजाडलं. पन्नास वर्षं!

मला नवल विक्रमांपेक्षा त्या पंचवीस वर्षांचं वाटतं. एकदा जिंकणं समजू शकते, पण पंचविसाव्या वर्षीसुद्धा थंडीत पहाटे उठून सायकल बाहेर काढावीशी वाटायची, ती कशी?

तिचं आयुष्य वाचताना मला तीन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे तिथी. आपल्याकडे वारकरी दर आषाढीला निघतो. या वर्षी जावंसं वाटतं का, असं तो स्वतःला विचारत बसत नाही. तिथी ठरलेली, म्हणून पाऊल उचलतं. बेरिलच्या आयुष्यात शर्यतींचं वेळापत्रक असंच होतं. पुढची शर्यत कुठल्या रविवारी आहे हे ठरलेलं असायचं, मग सोमवारपासूनचे दिवस आपोआप लागी लागायचे. दुसरी गोष्ट म्हणजे माप. घड्याळ वय विचारत नाही, तोंडदेखलं कौतुकही करत नाही. १९६३ मध्ये २५ मैलांचं अंतर एका तासाच्या आत तोडणारी ती पहिली महिला ठरली. पुढं १९७६ मध्ये, ३९ व्या वर्षी, तेच अंतर तिनं ५३ मिनिटं २१ सेकंदांत तोडलं आणि राष्ट्रीय विक्रम केला. म्हणजे विशीतल्या बेरिलला तिनं सहा-सात मिनिटांनी मागं टाकलं होतं! वय वाढलं की सगळं उतरणीलाच लागतं, असं धरून चालणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आणि तिसरी गोष्ट माणसं. क्लबमधली मंडळी, शेतावरचे सोबती, घरी चार्ली. आज सायकल काढली नाहीस का, असं विचारणारं कुणी तरी असलं की आळस लाजतो.

पण त्याच १९७६ सालात एक असा प्रसंग घडला, की तो टाळून तिची गोष्ट सांगणं खोटं ठरेल. डेनीसही सायकलपटू झाली होती. १९७२ च्या जागतिक स्पर्धेत मायलेकी दोघी ब्रिटनच्या संघात होत्या, आणि १९७५ मध्ये डेनीसनं जागतिक कांस्यपदकही मिळवलं. १९७६ च्या राष्ट्रीय शर्यतीत अखेरच्या काही मीटरमध्ये २० वर्षांच्या डेनीसनं आईला हरवलं. बक्षिसाच्या वेळी बेरिलनं स्वतःच्या लेकीशी हात मिळवला नाही.

वाचून धस्स होतं ना? आपल्या मनात आई म्हणजे लेकीच्या यशानं डोळे भरून येणारी. डेनीसनं शर्यतीत आपल्या वाटणीचा जोर लावला नाही, मागं राहून शक्ती वाचवली आणि शेवटी पुढं गेली, असं बेरिलचं म्हणणं होतं. आपण वागलो ते बरं नव्हतं, हे पुढं आत्मचरित्रात तिनं लपवलं नाही. मला वाटतं, जी आग माणसाला पंचवीस वर्षं पुढं नेते, तीच कधी तरी घरातल्या माणसाला चटका देते. जिंकणं हेच एकमेव माप धरलं की हरवणारी पोटची पोरसुद्धा क्षणभर परकी होते. वयाच्या खेळाडूसाठी हा सर्वांत अवघड घाट. मागून येणारी पिढी पुढं जाणारच, आणि ती आपल्याच तालमीतली असली तरी ते गिळणं सोपं नसतं.

तरी मायलेकींची गोष्ट तिथं थांबली नाही. १९८२ मध्ये दोघी एकाच, दोन सीटच्या सायकलवर बसल्या आणि १० मैलांचा राष्ट्रीय विक्रम केला. बेरिल ४५ वर्षांची, डेनीस २६ वर्षांची. टँडेमवर दोघींची पावलं एकाच तालात पडावी लागतात. सहा वर्षांपूर्वी न मिळालेला हात असा मिळाला, असं मला म्हणावंसं वाटतं.

ऑलिंपिकचं मात्र तिच्या नशिबी नव्हतं. बायकांची सायकल शर्यत ऑलिंपिकमध्ये आली तीच मुळी १९८४ मध्ये, लॉस एंजेलिसला. तोवर बेरिल ४७ वर्षांची झाली होती. सात वेळा जगज्जेती असूनही तिला एकदासुद्धा ऑलिंपिकच्या रस्त्यावर उतरता आलं नाही. दुसरी एखादी कडवट होऊन सायकल टांगून मोकळी झाली असती. पंचवीस वर्षांचा किताब गेला, पहिले नंबर गेले, वेळा वाढत चालल्या, तरी बेरिल शर्यतीला येतच राहिली. आता तिच्यापेक्षा निम्म्या वयाच्या मुली तिला मागं टाकत होत्या. पन्नाशीतही ती नंबर लावून, आपली वेळ येईपर्यंत रांगेत उभी राहायची. जिंकणाऱ्या बेरिलपेक्षा मला ही बेरिल जास्त मोठी वाटते.

५ मे १९९६ रोजी ती नेहमीसारखी सायकल घेऊन बाहेर पडली. आठवड्यानं तिचा ५९ वा वाढदिवस होता, त्याची निमंत्रणं वाटायची होती. वाटेतच तिचं हृदय बंद पडलं. मॉर्ली गावात आता तिच्या नावाची बाग आहे.

इथं एक सांगितलंच पाहिजे. लहानपणी सांधेताप झालेल्या माणसाच्या हृदयावर त्याचा परिणाम राहू शकतो. बेरिलनं डॉक्टरांचं ऐकलं नाही म्हणून आपणही ऐकायचं नाही, असा अर्थ कुणी काढू नये. चाळिशीनंतर कुठलाही दमवणारा व्यायाम सुरू करण्याआधी तपासणी करून घ्यावी. छातीत दुखलं, गरगरलं, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर थांबावं आणि डॉक्टरांना दाखवावं. तो हट्टाचा विषय नाही.

बाकी तिच्याकडून घेण्यासारखं पुष्कळ आहे. आपल्याला ना विक्रम करायचे आहेत ना पदकं आणायची आहेत. पण दिवस ठरवून घेता येतो, मंगळवार नि शुक्रवार तर तेच. बरोबर यायला शेजारची एखादी मैत्रीण शोधता येते. देवळापर्यंत जाऊन यायला आज किती मिनिटं लागली, हे कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिता येतं. आणि एखाद्या सकाळी लेक किंवा सून घंटी वाजवत पुढं निघून गेली, तर तिच्याकडे बघून हसता येतं. बेरिलला एवढंच जड गेलं होतं. आपण तेवढं आधीच शिकून ठेवू या.