चाळिशीत नवा धंदा मांडणारे दादासाहेब फाळके

मुलगा चित्रे चांगली काढतो, पण त्यावर पोट भरेल काय, हा प्रश्न पालकसभेत दरवर्षी निघतो. प्रश्न रास्त आहे. तांदळाच्या गिरणीत वा विडीच्या कामावर राबून मुलांना शिकविणाऱ्या बापाने तो विचारलाच पाहिजे. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, आज अशा एका गृहस्थाची हकीकत सांगतो, ज्यांनी कलेवर संसार चालविला आणि त्याची किंमतही मोजली.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे शास्त्री. मुलाचा ओढा मात्र रंगरेषांकडे. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकलेबरोबर छायाचित्रण शिकले. शिक्षणानंतर गोध्रा येथे त्यांनी फोटोचे दुकान थाटले. १९०० च्या सुमारास प्लेगच्या साथीत पत्नी व मूल दगावले आणि तो व्यवसाय सुटला. पुढे पुरातत्त्व खात्यात नकाशे व चित्रे काढण्याची सरकारी नोकरी मिळाली. पगार बांधलेला होता. स्वदेशीच्या चळवळीच्या काळात त्यांनी तीही सोडली व छापखाना काढला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीस जाऊन आले. छपाई नावाजली, पण भागीदारांशी पटले नाही. चाळिशीत हा माणूस पुन्हा रिकाम्या हाताने घरी बसला.

१९११ साली मुंबईत तंबूतल्या सिनेमात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि आपणही असे चित्र काढावे, या ध्यासाने त्यांना पछाडले. दिवसरात्र चित्रपट पाहून व प्रयोग करून डोळे बिघडले. औषधोपचाराने दृष्टी परत आली. नातलगांनी त्यांना वेड्यात काढले असल्यास नवल नाही. परंतु हे वेड हिशेबी होते. कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीची चित्रे ठराविक अंतराने घेऊन त्यांनी एक छोटी फिल्म आधी तयार केली. ती पाहून भांडवल देणारा पुढे आला. विम्याची पॉलिसी गहाण पडली. १९१२ मध्ये लंडनला जाऊन ते कॅमेरा व फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र घेऊन आले. मला यात विशेष वाटते ते असे, की फोटोचे दुकान, नकाशांची नोकरी, छापखाना, यांतील एकही वर्ष वाया गेले नव्हते. अंधारखोली, रसायने, मोजमाप, सारे हाताखालून गेलेले होते.

सरस्वतीबाईंचे नाव अशा वेळी कोणी घेत नाही. दिवसभर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करून ही माऊली रात्री अंधारात फिल्मला भोके पाडीत असे. दागिनेही तिचेच गेले. नाटकसिनेमात काम करण्यास त्या काळी बायका मिळत नसत, म्हणून तारामतीची भूमिका हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी केली. आपल्या झाडीपट्टीत धान कापणी उरकून रात्री नाटकात उभे राहणाऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही.

३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात लागला. त्याच वर्षी फाळके नाशिकला गेले. १९१७ च्या 'लंकादहन'ने अमाप पैसा दिला. १९१८ मध्ये भांडवलदारांसह कंपनी निघाली. पुन्हा मतभेद, राजीनामा, काशीवास, नंतर परत येणे. कारागिरीत कोणास न हरणारे दादासाहेब भागीदारीत मात्र दरवेळी हरले. १९३१ मध्ये बोलपट आला आणि त्यांची कला मागे पडली. 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट १९३७ सालचा. तो शेवटचाच ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा हाती संपत्ती नव्हती.

१९६९ पासून केंद्र सरकार त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार देते. १९८१ चा पुरस्कार संगीतकार नौशाद साहेबांना आणि १९९४ चा दिलीपकुमार, म्हणजेच युसूफ खान साहेबांना मिळाला.