दोन बोटे आणि नव्याण्णव हात

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी संपादकांनी लेख मागितला, तेव्हा एखाद्या संताचे अथवा देशभक्ताचे चरित्र लिहावे, असे प्रथम आमच्या मनात होते. तो विचार बदलला आमच्या धाकट्या कन्येच्या प्रयोगवहीमुळे. ती अकरावीत शिकते. उतरत्या फळीवरून गोळी सोडून तिला लागणारा वेळ मोजावयाचा, असा तो प्रयोग होता. पाच वेळा मोजले आणि पाचही वेळा आकडा निराळा आला. त्यांतील एक फारच दूर गेला, म्हणून तिने तो खोडून सूत्राशी जुळणारा आकडा लिहून टाकला होता. आम्ही कलाशाखेचे पदवीधर; पदार्थविज्ञानातील आमची गती बेताचीच. परंतु सरकारी नोकरीत तीस वर्षे हिशेब तपासण्यात गेल्यामुळे एवढे कळते की, जेथे सारेच आकडे तंतोतंत जुळतात तेथे तपासणाराने क्षणभर थांबावे. आम्ही तिला रागावलो नाही. हा प्रयोग ज्याने जगाला दिला, त्याची जीवनकथा तिला सांगितली. तीच वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गॅलिलिओ गॅलिली याचा जन्म इटलीतील पिसा येथे १५ फेब्रुवारी १५६४ रोजी झाला. वडील व्हिन्सेन्झो हे संगीतज्ञ होते. तारेला निरनिराळी वजने टांगून स्वरांविषयीचे जुने नियम खरे की खोटे, हे ते स्वतः पडताळून पाहत. ग्रंथात लिहिले आहे एवढ्यावर विसंबू नये, हा संस्कार मुलाला घरातच लाभला. मुलाने वैद्य व्हावे, या इच्छेने वडिलांनी १५८१ मध्ये त्यास पिसाच्या विद्यापीठात घातले. त्याचे मन मात्र गणितात रमले आणि १५८५ मध्ये पदवी न घेताच तो बाहेर पडला. चारच वर्षांनी, १५८९ मध्ये, त्याच विद्यापीठात तो गणिताचा प्राध्यापक झाला. तेथील कलत्या मनोऱ्यावरून त्याने गोळे टाकल्याची कथा त्याचा शिष्य विव्हियानी याने पुढे लिहून ठेवली. ती तशीच घडली असेल, याविषयी अभ्यासक साशंक आहेत.

१५९२ मध्ये तो पाडुआ येथे गेला व तेथे अठरा वर्षे राहिला. वस्तू खाली पडताना तिचा वेग कसा वाढतो, हा प्रश्न त्याने तेथे हाती घेतला. अडचण अशी की पडणारी वस्तू डोळ्याचे पाते लवते न लवते तोच जमिनीवर येते, आणि सेकंद दाखविणारे भरवशाचे घड्याळ त्या काळी नव्हते. मोजता येत नाही इतके जे वेगवान आहे ते मंद करून मोजावे, ही युक्ती त्याने योजिली. बारा हात लांबीच्या लाकडी तुळईवर त्याने सरळ खोबण कोरली, तिला गुळगुळीत चर्मपत्राचे अस्तर लावले, तुळईचे एक टोक हात-दोन हात उचलले आणि खोबणीतून घोटीव काशाची गोळी सोडली. (त्याचा हात आपल्या हाताहून थोडा मोठा, सुमारे ५८ सेंटिमीटरांचा.) वेळ मोजण्यासाठी पाण्याच्या मोठ्या भांड्याला बारीक नळी बसविली. गोळी धावत असेतो नळीतून पडणारे पाणी पेल्यात धरावयाचे आणि नाजूक तराजूत तोलावयाचे. आपल्याकडे लग्नघटिका पाहण्यासाठी जे घटिकापात्र असे त्यात पाणी आत शिरे, येथे ते बाहेर पडे, तत्त्व एकच.

निष्कर्ष असा निघाला की, पहिल्या क्षणात गोळी एक हात उतरली तर दोन क्षणांत चार हात, तीन क्षणांत नऊ हात उतरते. अंतर हे काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हा नियम १६०४ मध्ये त्याने आपल्या मित्राला, व्हेनिसच्या पाओलो सार्पी यास पत्राने कळविला. गंमत अशी की नियम बरोबर, पण त्यामागे सांगितलेले कारण चुकीचे होते. वेग अंतराच्या प्रमाणात वाढतो, असे तेव्हा त्यास वाटे. तो काळाच्या प्रमाणात वाढतो, हे नंतर ध्यानी आल्यावर त्याने आपले मत बदलले.

याच शोधकार्यातील एक पान फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवले आहे. त्याचा अर्थ स्टिलमन ड्रेक या अभ्यासकाने १९७० नंतरच्या दशकात उलगडला. समान कालावधींच्या अखेरीस गोळी किती अंतरावर पोचली, याचे आठ आकडे त्यावर आहेत असे त्याचे मत : ३३, १३०, २९८, ५२६, ८२४, ११९२, १६२० आणि २१०४. एकक मिलिमीटरहून किंचित लहान. शेजारी १, ४, ९ पासून ६४ पर्यंतचे वर्ग मांडले आहेत. आता ३३ ला ६४ ने गुणले तर २११२ येतात. पानावर मात्र २१०४ आहेत. १३२ च्या जागी १३०, ११८८ च्या जागी ११९२. कोठे दोन कमी, कोठे चार अधिक. गुणाकार त्यास येत नव्हता थोडाच! आठ आकडे सूत्राप्रमाणे लिहून काढणे हे पाच मिनिटांचे काम होते. त्याने ते केले नाही. जे मोजले ते लिहिले, आणि त्या लहानशा तफावतीतूनही नियम स्पष्ट दिसतो, हे ओळखले.

१६१० मध्ये दुर्बिणीतून पाहिलेले गुरूचे चंद्र त्याने जगापुढे मांडले आणि तो फ्लॉरेन्सला राजाश्रयास गेला. पृथ्वी फिरते या मताबद्दल धर्मपीठाने १६१६ मध्ये त्यास ताकीद दिली. १६३२ मध्ये त्याचा संवादरूप ग्रंथ निघाला. त्यात १५७२ च्या नव्या ताऱ्याच्या निरनिराळ्या वेधांची चर्चा करताना त्याने सांगितले की, प्रत्येक मापनात त्रुटी असतेच. ती दोन्ही बाजूंस सारखीच संभवते, आणि मोठ्या त्रुटीपेक्षा लहान त्रुटी अधिक वेळा घडते. पुढे जे त्रुटींचे शास्त्र झाले, त्याचे बीज येथे आहे.

परंतु याच ग्रंथामुळे २२ जून १६३३ रोजी रोम येथे गुडघे टेकून त्यास आपले मत असत्य असल्याचे वाचून दाखवावे लागले. ज्याने २१०४ चे २११२ केले नाहीत, त्यालाच वृद्धापकाळी जुळवलेल्या कबुलीवर सही करावी लागली. यासाठी त्यास भ्याड म्हणण्याचा अधिकार, आम्हांस वाटते, सुरक्षित खुर्चीत बसणाऱ्या आपणांस नाही.

फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री येथे तो नजरकैदेत राहिला. जोगीण झालेली त्याची लाडकी कन्या मारिया चेलेस्ते १६३४ मध्ये वारली. दृष्टी अधू होत गेली आणि १६३८ पर्यंत दोन्ही डोळे गेले. त्याच वर्षी हॉलंडमधील लेडन येथे त्याचा अखेरचा ग्रंथ छापून निघाला. गतीचे नियम आणि तो उतरणीचा प्रयोग जगाला मिळाला तो त्यातूनच. शंभर वेळा प्रयोग केला आणि फरक नाडीच्या ठोक्याच्या एकदशांशाहून अधिक कधी आढळला नाही, असे त्यात नमूद आहे. विसाव्या शतकात काही विद्वानांना ही अतिशयोक्ती वाटली. १९६१ मध्ये टॉमस सेटल याने तशाच साधनांनी प्रयोग करून, ती अचूकता शक्य आहे हे दाखवून दिले.

या ग्रंथातील एक युक्तिवाद आम्हांस फार मोलाचा वाटतो. ॲरिस्टॉटलच्या मते शंभर पौंडांचा गोळा शंभर हात खाली येईतो एक पौंडाचा गोळा एकच हात उतरला असेल. प्रत्यक्षात दोन्ही जवळजवळ बरोबरच पोचतात. मोठा दोन बोटे पुढे असतो. गॅलिलिओचे म्हणणे असे की, माझ्या दोन बोटांच्या आड ॲरिस्टॉटलचे नव्याण्णव हात लपवू नका. सर्वच मोजमापांत चूक असते. पण सर्व चुका सारख्या नसतात.

तो स्वतःही निर्दोष नव्हता. शंभर हात पडावयास पाच सेकंद लागतात, असे त्याने १६३२ च्या ग्रंथात लिहिले. आजच्या हिशेबाने साडेतीनही लागत नाहीत. फ्रान्समधील मेर्सेन याने ही शंका तेव्हाच काढली होती. दुसऱ्याने मोजून पाहावे आणि चूक दाखवावी, हाच या मार्गाचा धर्म आहे.

८ जानेवारी १६४२ रोजी त्याचे देहावसान झाले. सन्मानाची समाधी लाभण्यास १७३७ साल उजाडावे लागले, आणि त्याच्या बाबतीत चूक झाल्याचे धर्मपीठाने १९९२ मध्ये मान्य केले.

कथा संपली तेव्हा कन्या काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वहीत पाहिले, तो खोडलेला आकडा तिने पुन्हा लिहिला होता, आणि खाली पाचही आकड्यांची सरासरी व तफावत मांडली होती. गुण किती मिळाले, हे आम्ही विचारले नाही. घरापासून दूर राहणाऱ्या आम्हा मंडळींस मुलांना देण्यासाठी वाडा नाही, शेतीवाडी नाही. आले ते आकडे तसेच लिहिण्याची सवय मात्र देता येईल. मंडळाच्या बालगोपाळांस ती लाभो, हीच या सुवर्णमहोत्सवप्रसंगी आमची प्रार्थना.