दानशूर लाकूड व्यापारी चार्ल्स हॅकली

अमेरिकेतील मिशिगन राज्यात, मिशिगन सरोवराच्या पूर्व किनाऱ्यावर मस्किगन हे शहर वसले आहे. या शहराने ज्यांची स्मृती आजही कृतज्ञतेने जपली आहे, त्या चार्ल्स हॅकली यांच्या जीवनकार्याचा आपण येथे थोडक्यात परिचय करून घेणार आहोत.

हॅकली यांचा जन्म १८३७ साली इंडियाना राज्यात एका सामान्य कुटुंबात झाला. १८५६ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते मस्किगनला आले आणि तेथील एका आरागिरणीत मजुरी करू लागले. पुढे हिशेबनिशी शिकून त्यांनी स्वतःचा व्यवसाय उभारला. १८७१ च्या भीषण आगीनंतर शिकागो शहराची पुनर्बांधणी सुरू झाली आणि मिशिगनच्या पाइन लाकडाला प्रचंड मागणी आली. १८८१ पासून थॉमस ह्यूम यांच्या भागीदारीत हॅकली यांनी मोठी संपत्ती मिळवली.

परंतु तोडलेल्या प्रमाणात जंगल पुन्हा वाढत नव्हते. १८९० च्या दशकात लाकूड संपत आले, गिरण्या बंद पडल्या आणि हजारोंचा रोजगार गेला. अनेक व्यापारी नव्या जंगलांच्या शोधात निघून गेले. हॅकली यांनी इतरत्र गुंतवणूक केली, तरी मस्किगन सोडले नाही. श्रीमंताचे धन ज्या समाजात निर्माण होते, त्या समाजाचा त्यावर हक्क असतो, अशी त्यांची धारणा होती. दानासाठी मृत्युपत्राची वाट पाहू नये, हेही त्यांनी आचरणातून दाखवून दिले.

२५ मे १८८८ रोजी त्यांनी सार्वजनिक वाचनालयासाठी एक लाख डॉलरची देणगी जाहीर केली. १८९० मध्ये ते वाचनालय खुले झाले. पुढे शहराच्या मध्यभागी उद्यान, १८९७ मध्ये मुलामुलींना हातकाम शिकवणारी शाळा आणि १९०४ मध्ये रुग्णालय उभे राहिले. १९०५ साली त्यांचे निधन झाले. चित्रखरेदीसाठी त्यांनी निधी मागे ठेवला होता आणि १९१२ मध्ये कलादालन साकारले.

हॅकली रुग्णालय २००८ मध्ये तेथील कॅथॉलिक रुग्णसेवा संस्थेत विलीन झाले. वाचनालय मात्र आजही वाचकांसाठी खुले आहे.

ज्या जंगलांनी हॅकली यांना धनवान केले, ती परत आली नाहीत, हेही आपण विसरू नये. मात्र त्या धनातून पेरलेले ज्ञानाचे व सेवेचे बीज शतकानंतरही फळ देत आहे. आपल्या गावाचे आपण काय देणे लागतो, असा प्रश्न हे जीवन आपणा सर्वांना विचारते.